तुम्ही द्याल ते

नरवाडे सरांच्या शर्टाच्या खिशात कायम चुन्याची डबी असायची आणि तंबाखूला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. त्यामुळे कॉलेजात नव्याने आलेल्या माणसाची हमखास फजिती होई. डबी पाहून तो मोठ्या आपुलकीने तळहात पुढे करी आणि सर तितक्याच आपुलकीने सांगत, "चुना हाय, बाकीचं तुमचं तुमी बघा." मीही पहिल्या आठवड्यात असाच हात पुढे केला होता. मी मराठीचा, ते वनस्पतिशास्त्राचे. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारीशेजारी होती आणि सर निवृत्त होईपर्यंत ती तशीच राहिली.

कॉलेज कळमनुरीचं. आमचा जिल्हा तेव्हा परभणी होता, हिंगोली जिल्हा पुढे झाला. आजूबाजूला सगळा हळदीचा मुलूख. संक्रांत सरली की शेताशेतात कढया चढत, हळद शिजे, वाळे, आणि वर्गातल्या निम्म्या पोरापोरींचे हात पिवळेधमक होत. परीक्षेच्या तोंडावर हे चाले. प्रॅक्टिकलच्या वह्यांवरसुद्धा पिवळी बोटं उमटलेली असत. इतर प्राध्यापक त्यावरून कुरकुर करत. नरवाडे सर मात्र या दिवसांची वाट पाहत.

हळदीचा कंद शिकवायचा तास आला की ते एखाद्या मुलाचा पिवळा हात समोर घेत, डबीतला चुना बोटाच्या टोकाने लावत आणि हात वर धरून वर्गाला दाखवत. पिवळ्याचं लालभडक झालेलं असे. मुलं हसत. कुंकू कसं होतं ते त्यांच्या आयांना ठाऊकच होतं, पण ते काहून होतं हे कोणाला ठाऊक नसे. मग सर सांगायला लागत. आम्ल, अल्कली, रेणूची घडण, रंग बदलतो म्हणजे आत काय हलतं... फळा भरून जाई, घंटा होई, आणि कंद बिचारा तसाच राही. एकदा रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्राचार्यांकडे तक्रार केली की नरवाडे आमचा अभ्यासक्रम शिकवतात. प्राचार्यांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, चूक झाली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच केलं.

मी त्यांना चिडवायचो. "सर, तुम्ही वर्ग चुकलात."

ते हसून म्हणायचे, "व्हय, जरा चुकलोच." मी ते थट्टेवारी नेत असे.

माणूस उंच, सडपातळ, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. सायकलवर येत, पण फाटकाच्या आत कधी सायकलवर बसत नसत. बोलणं सावकाश. वैशाखी पौर्णिमेला त्यांच्या घरी खीर असे आणि त्या दिवशी आग्रह करकरून वाढत. एरवी मात्र आग्रह हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. आपल्याला काय पाहिजे ते ज्याचं त्याने सांगावं, असं त्यांचं म्हणणं. हॉटेलात गेलो की मी म्हणायचो, काहीही चालेल. सर ऐकून घेत नसत. "काहीही नावाचा पदार्थ इथं न्हाई," म्हणत. स्वतः मात्र बजावून सांगत, चहा, साखर कमी, आलं जास्त, कप काठोकाठ. चहा तसा आला नाही तर शांतपणे परत पाठवत. हॉटेलवाला त्यांना मनातल्या मनात किरकिरा म्हणत असणार. मीही म्हणत होतो.

जुलै महिना लागला की सरांच्या अंगात वारं शिरे. त्या काळी एमएस्सीला प्रवेशपरीक्षा नव्हती. बीएस्सीचे मार्क हेच सगळं. त्यातही शेवटच्या वर्षाचे नाही, तिन्ही वर्षांची बेरीज. पण ही गोष्ट पोरांना तिसऱ्या वर्षी कळे. पहिलं वर्ष म्हणजे त्यांना पाहुणचार वाटायचा. गाव सोडून कॉलेजात आलेलं पोरगं वर्षभर नुसतं बावरलेलं असतं, त्यात कापसाची वेचणी, त्यात हळद, मग पास झालो यातच त्याला आनंद. म्हणून सर दर वर्षी जुलैत पहिल्या वर्षाच्या वर्गावर जात, तास नसताना जात, आणि एवढंच सांगत: "पयल्या वर्षी सांडलेले मार्क तिसऱ्या वर्षी भरून निघत न्हाईत. तिकडं बेरीज करतात. तुमची तकलीफ विचारत न्हाईत." पोरं मान डोलावत आणि विसरत. दोनचार विसरत नसत. त्यांच्यासाठी सर जात होते.

पण त्यांचा खरा उद्योग निकालानंतरचा.

विद्यापीठ नांदेडला झालं होतं. एमएस्सीच्या प्रवेशाच्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये विभागप्रमुख टेबलं लावून बसत. मार्कांच्या क्रमाने नाव पुकारलं जाई. फळ्यावर कोणत्या विषयाच्या किती जागा उरल्या ते खडूने लिहिलेलं असे. विद्यार्थ्याने पुढे जायचं, विषय सांगायचा, जागा घ्यायची. मागचा विद्यार्थी तयारच असे, त्यामुळे विचार करायला वेळ नाही. आणि नेमकं तिथे आमची पोरं मार खात. साहेबांनी विचारलं, कोणता विषय, की आमचं पोरगं हात जोडून म्हणायचं, "साहेब, तुमी द्याल ते."

यात त्याची चूक म्हणावी तर कशी? त्याला घरात हेच शिकवलेलं. मोठ्या माणसापुढे आपली आवड सांगणं म्हणजे आगाऊपणा. लग्नाच्या पंगतीत, पाटलाच्या ओसरीवर, तहसीलात, सगळीकडे तेच शोभायचं. टेबलामागचा साहेबही वाईट नसे. समोरचा म्हणतो द्याल ते, म्हणून ज्या विषयाच्या जागा पडून आहेत तो लिहून तो मोकळा होई. तीन वर्षं रसायनशास्त्रासाठी रक्त आटवलेलं पोरगं दुसराच विषय घेऊन गावी येई आणि म्हणे, साहेबांनी दिला.

म्हणून सर तालीम घेत. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मोठं टेबल भिंतीला लावून, मागे खुर्ची टाकून ते स्वतः साहेब होऊन बसत. माझ्याकडे क्लार्कचं काम. मी आडनाव आधी घेऊन नाव पुकारायचं. विद्यार्थ्याने पुढे यायचं, टक्के सांगायचे, विषय सांगायचा. पायाला हात लावायचा नाही, हात जोडायचे नाहीत. मग साहेब म्हणणार, त्या विषयाच्या जागा भरल्या, दुसरा घे. तेव्हा फळ्याकडे बघून जागा आहे का ते पाहायचं आणि असेल तर पुन्हा सांगायचं, मला तोच पाहिजे. तालीम एवढीच. सरांना साहेबाचा आवाज काही केल्या जमत नसे. दरडावायला गेले की आवाज बारीक होई, तरण्या पोराचा फुटतो तसा. पोरं ओठ दाबून हसत. पण स्वतःची पाळी आली की त्याच बारीक आवाजापुढे त्यांची वाचा बसे.

सहलीलाही हा माणूस तेच करी. सिद्धेश्वर धरणावर पाणवनस्पती गोळा करायला न्यायचं, आणि खाली पाण्याजवळ उतरायची परवानगी मागायला चौकीदाराकडे वर्गातलं सगळ्यात लाजाळू पोरगं पाठवायचं. ते परत येऊन म्हणे, बघू म्हणाले. सर म्हणत, "बघू म्हंजे न्हाईबी न्हाई अन् व्हयबी न्हाई. परत जा, व्हय घेऊन ये." आम्ही सगळे उन्हात ताटकळत. मी एकदा म्हणालो, सर, तुम्हीच जा की, तो तुम्हाला ओळखतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

वंदना पतंगे ही आखाडा बाळापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातली मुलगी. केमिस्ट्रीत फार हुशार. पहिल्या वर्षी मात्र तिने व्हायचं तेच केलं होतं, पहिलं वर्ष धरत नाहीत असं कोणीतरी सांगितलं म्हणून निवांत राहिली. पुढची दोन वर्षं जीव तोडून अभ्यास केला. प्रॅक्टिकलला पिवळ्या हातांनी यायची, पण तिचं मोजमाप कधी चुकलं नाही. तरी तिन्ही वर्षांची बेरीज झाली तेव्हा ती अगदी काठावर राहिली. तिच्या मार्कांपर्यंत येता येता केमिस्ट्रीची एखादी जागा उरली तर उरली, नाहीतर नाही. घरचं ठरलेलं होतं. एमएस्सी मिळाली तर शिकायचं, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात लग्न. आणि तिला दुसरा कुठलाही विषय नको होता.

तालमीत ती उभी राहिली. मी पुकारलं. सरांनी विचारलं, कोणता विषय. ती खाली बघून म्हणाली, "तुमी द्याल ते, सर."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सर खुर्चीतून उठले, माठातलं पाणी आणून तिला दिलं आणि म्हणाले, "आज बास. उद्या परत." दुसऱ्या दिवशी ती बोलली, पण भिंतीकडे तोंड करून. सर म्हणाले, चालंल, तिकडं भिंतीकडं बघून बोल, साहेब ऐकतो.

नांदेडला तिच्यासोबत तिचे वडील आले होते, मारोतराव. साधा, मवाळ माणूस. सर आणि मीही गेलो. हॉलमध्ये विद्यार्थी आणि सोबत एक पालक, एवढ्यांनाच आत सोडत होते. आम्ही खिडकीबाहेर लिंबाच्या झाडाखाली उभे. तिथून टेबल दिसत होतं, फळाही दिसत होता, टेबलाशी चाललेलं बोलणंही ऐकू येत होतं. केमिस्ट्रीपुढचा आकडा पुसला जात होता, पुन्हा लिहिला जात होता, आणि तो कमी होताना पाहून सर खिशातली डबी उघडत होते, मिटत होते. वंदनाचं नाव पुकारलं तेव्हा तिथे एकच जागा उरलेली होती.

टेबलामागचे साहेब प्रेमळच दिसत होते. ते म्हणाले, "केमिस्ट्री अवघड जातं मुलींना, प्रयोगशाळेत उभं राहावं लागतं दिवसभर. बॉटनीत जागा आहेत. बॉटनी घेतेस का?"

वंदना खाली बघत राहिली. आणि तिच्या मागून मारोतराव हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमी द्याल ते."

सरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी पेन उचललं. आम्ही तालमीत सगळं धरलं होतं, साहेबाची नजर, घाई, नकार. बाप मागे उभा असेल हे मात्र आम्हाला सुचलंच नव्हतं. बापाच्या शब्दावर लेकीने बोलायचं कसं, याची तालीम कोणीच घेतली नव्हती.

वंदनाने मान वर केली. भिंतीकडे नाही, फळ्याकडे पाहिलं. "माझे बाबा तसं म्हणतात," ती म्हणाली, "पण मला केमिस्ट्री पाहिजे. फळ्यावर एक जागा दिसते."

साहेबांनी वळून फळा पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं, आणि लिहिलं.

सर डोळे उघडून माझ्याकडे वळले. मला वाटलं होतं ते आनंदाने काहीतरी म्हणतील. पण त्यांना रुमाल सापडत नव्हता. मी माझा दिला.

परतीच्या एसटीत मारोतराव सरांच्या शेजारी बसले होते, वंदना आणि मी मागच्या बाकावर. अर्धापूर मागे पडलं तरी मारोतराव अवघडून बसलेले. शेवटी त्यांनी विचारलं, "सर, म्या उगंच बोललो का मधी?"

सर म्हणाले, "मीबी असंच बोललो होतो, मारोतराव."

आणि मग, इतक्या वर्षांत मला न सांगितलेली गोष्ट त्यांनी त्या माणसाला सांगितली. त्यांचे वडील सिद्धेश्वरच्या कालव्याच्या खोदकामावर मजूर होते. लेक बीएस्सी झाला, पासष्ट टक्के पडले. त्या काळी ते फार होते. एमएस्सीसाठी औरंगाबादला जायचं होतं. निघताना वडिलांनी बजावलं, साहेब लोकांपुढं उगं तोंड वर करू नगं, देतील ते मान खाली घालून घे. आपल्या वस्तीतून तिथवर कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे वडिलांना जे माहीत ते त्यांनी सांगितलं. सरांना रसायनशास्त्र पाहिजे होतं. मार्क होते, जागाही होत्या. साहेबांनी विचारलंही. सर म्हणाले, तुमी द्याल ते.

"मग?" मारोतरावांनी विचारलं.

"मग त्यांनी दिलं," सर म्हणाले. "माझ्यामागं एक पोरगा हुता, माझ्याहून कमी मार्कांचा. त्यानं मागितलं, त्याला भेटलं. साहेबाचा काय दोष? त्यानं तर इचारलं हुतं."

मारोतरावांनी सरांचा हात हातात घेतला आणि बाळापूर येईपर्यंत सोडला नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो. वर्ग चुकलात म्हणून मी किती वर्षं चिडवत आलो होतो, ते मला एकदम आठवलं. वाईट वाटलं, आणि सर त्यावर कधीच रागावले नाहीत याचं जास्त वाईट वाटलं. बाळापूरला बापलेक उतरले. वंदनाने खालून खिडकीशी येऊन हात जोडले. सर म्हणाले, "पयल्या वर्षापासून अभ्यास कर आता. तिथंबी बेरीज असते."

त्यांनी वनस्पतिशास्त्र मनापासून शिकवलं, हे इथे सांगितलं पाहिजे. रडत शिकवणारा माणूस पोरांना लगेच कळतो, आणि सरांचा वर्ग कधी रिकामा राहिला नाही. झाडांची नावं ते माणसांची घ्यावीत तशी घेत. पण आवडीने संसार करणाऱ्या माणसाच्याही मनात एखादं जुनं गाव राहून जातं, तसं ते होतं.

पुढे दिवस पालटले. प्रवेशपरीक्षा आली, अर्ज संगणकावर भरायला लागले, नावं नेटवर लागू लागली. विषय कोणता पाहिजे ते आता तोंडाने कोणी विचारत नव्हतं. पोरांना तालमीचं हसू येऊ लागलं, तशी सरांनी ती बंद केली. काही दिवस जुलैत ते अस्वस्थ फिरत, मग सवय झाली. याच सुमारास वंदना एमएस्सी होऊन आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवायला आली. स्टाफरूममध्ये ती सरांसमोर खुर्चीवर बसत नसे. सरांनी दोनतीनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

सर निवृत्त झाले ते फेब्रुवारीच्या अखेरीला, ऐन हळदीच्या दिवसांत. सकाळी समारंभ झाला. भाषणं झाली, शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. प्राचार्यांनी विचारलं, सर, कॉलेजकडून आणखी काय अपेक्षा? अशा वेळी माणसं म्हणतात, तुमचं प्रेम असू द्या. सर म्हणाले, "हाय एक. दुपारी सांगतो."

दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. शाल आणि नारळ माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "चला, तुमचं काम हाय." आम्ही व्हरांड्यातून गेलो. तिसऱ्या वर्षाचा केमिस्ट्रीचा तास चालू होता, फळ्यापाशी वंदना. सर दाराशी थांबले, बाह्यांची बटणं नीट केली आणि मला हळूच म्हणाले, "पुकारा."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. क्लार्कचं काम मी इतकी वर्षं केलं होतं. मी आवाज लावला, "नरवाडे लिंबाजी कोंडिबा."

वर्ग वळून बघायला लागला. सर एक पाऊल पुढे झाले. हात जोडले नाहीत. "बीएस्सीला पासष्ट टक्के," ते म्हणाले. "मला केमिस्ट्री पाहिजे."

वंदनाने खडू खाली ठेवला. ती काय करील याची मला धास्ती वाटली, कारण तिचे डोळे भरलेले दिसत होते. पण तालीम तिची पक्की होती. ती टेबलामागे गेली आणि खुर्चीवर बसली, सरांसमोर पहिल्यांदाच. "केमिस्ट्रीच्या जागा भरल्या," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता, सरांचा व्हायचा तसाच. "बॉटनी चांगलं आहे. बॉटनी घेता का?"

"बॉटनी चांगलंच हाय," सर म्हणाले. "लई दिलं त्यानं मला. पण मला केमिस्ट्री पाहिजे. पयल्या बाकावर एक जागा दिसते."

वंदनाने बाकाकडे पाहिलं. "जागा हाय, सर," ती म्हणाली. "या."

मला वाटलं होतं सर आता फळ्याशी जातील, एखाद्या पोराच्या हाताला चुना लावतील, आयुष्यात एक तास तरी केमिस्ट्रीचा घेतील. ते फळ्याकडे गेलेच नाहीत. पहिल्या बाकावरच्या पोराने सरकून जागा दिली, तिथे बसले. खिशातली डबी काढून बाकावर ठेवली. शेजारच्या पोराच्या पिवळ्या हाताकडे एकदा बघितलं आणि त्याच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला.

वंदना उठून फळ्याकडे वळली आणि बराच वेळ वर्गाकडे पाठ करूनच लिहीत राहिली. मी शाल आणि नारळ सांभाळत दारात उभा होतो. सर उतरवून घेत होते.